चक्कर : गोळ्या किती दिवस घ्यायच्या? आणि व्हिटॅमिन डी, बी१२ चा खरंच उपयोग होतो का?

शाळाबाई | २ डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

वय ५४, मुक्काम जुळे सोलापूर. गणपतीच्या आधी एका सकाळी वरच्या फळीवरची शेंगाचटणीची बरणी काढायला मान वर केली आणि अख्खं स्वयंपाकघर फिरलं. ओटा धरला म्हणून पडले नाही. पंधरा-वीस सेकंदांत थांबलं, पण मळमळ दुपारपर्यंत राहिली. तेव्हापासून अंथरुणात उजव्या कुशीवर वळलं की तेच. फळ्यावर वरच्या ओळीत लिहायचं बंद केलंय, पोरांना वाटतं बाई बुटक्या झाल्या.

आधी एका डॉक्टरांनी बीपी, शुगर बघितली, दोन्ही नॉर्मल. मानेचा एक्सरे काढला, त्यात मणक्याची झीज निघाली. पट्टा दिला आणि बीटाहिस्टीन ही चक्करवरची गोळी, १६ मिलिग्रॅमची, दिवसातून तीनदा. तीन महिने झाले, तेच चालू आहे. समाधान होईना म्हणून दुसरीकडे गेले, तर गोळ्या कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या. आठवड्याला डी ची ६०,००० युनिटची पुडी, बी१२, कॅल्शियम आणि 'कानाच्या नसांसाठी' म्हणून एक महागडी कॅप्सूल, जिंको का काहीतरी असलेली. माझा गोळ्यांचा डबा आता जेवणाच्या डब्याएवढा झालाय.

तर प्रश्न दोन. बीटाहिस्टीन किती दिवस घ्यायची असते? आणि ही व्हिटॅमिनं घेऊन कुणाची चक्कर खरंच थांबली आहे का? डॉक्टरकडे जाऊ नका असं सांगू नका, जाणारच आहे. जाताना काय विचारायचं ते कळावं म्हणून इथे विचारतेय.

कडक_भाकरी | २ डिसेंबर, रात्री ९.५२

बरणी आधी खालच्या फळीवर आणा बाई. बाकीचं नंतर बघू.

आकाशपाळणा_नको | २ डिसेंबर, रात्री १०.१५

ताई, तुमचं वर्णन वाचून माझं २०१९ चं साल आठवलं. हुबेहूब. कूस बदलली की खोली फिरायची, अर्ध्या मिनिटात थांबायची. बायको म्हणायची, गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यात बसायला पैसे मोजतात, तुम्हाला घरबसल्या फुकट.

मीही चार महिने गोळ्याच खाल्ल्या. शेवटी कानाच्या डॉक्टरांनी टेबलावर आडवं पाडून डोकं इकडून तिकडे फिरवलं. पाच मिनिटांचं काम. बाहेर आलो तो जरा कापसावर चालल्यासारखा, पण दुसऱ्या दिवशी कूस बदलली तर काही नाही! रडूच आलं हो. तुम्हाला कुणी असं झोपवून तपासलंय का?

शाळाबाई | २ डिसेंबर, रात्री १०.२१

नाही. दोन्हीकडे खुर्चीत बसूनच तपासलं.

कानसेन | ३ डिसेंबर, सकाळी ७.०५

मी डॉक्टर नाही, ऑडिऑलॉजिस्ट आहे. कानाच्या आणि तोलाच्या तपासण्या करते. तुमचं निदान इथे बसून करणार नाही, पण 'चक्कर' हा एक आजार नाही हे आधी लक्षात घ्या. आपल्याकडे डोळ्यांपुढे अंधारी येणं, तोल जाणं, अशक्तपणा आणि भोवती सगळं गरगर फिरणं, या चारही गोष्टींना 'चक्कर येते' म्हणतात आणि चौघांनाही एकच गोळी मिळते. तिथूनच घोळ सुरू होतो.

डोकं ठरावीक दिशेला हललं की गरगरणं आणि मिनिटाच्या आत थांबणं, ही आतल्या कानातल्या खड्यांची चक्कर असू शकते. बीपीपीव्ही म्हणतात. आपल्या सगळ्यांच्याच कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात, एका पडद्यावर चिकटलेले. त्यातले काही सुटतात आणि बाजूच्या अर्धगोल नळीत जाऊन पडतात. मान हलली की नळीतलं पाणी त्यांच्यामुळे उगाच ढवळतं, आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय.

आता सांगा, नळीत अडकलेला खडा गोळीने कसा बाहेर येणार? तो कलंडवूनच काढावा लागतो. जॉन एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ही रीत बसवली, १९९२ मध्ये तिच्यावरचा त्यांचा लेख आला. त्याआधी कुठला कान ते ठरवायला डिक्स-हॉलपाइक चाचणी करतात. मान ४५ अंश वळवून झटकन मागे झोपवायचं आणि डोळे बघायचे. बुबुळं ठरावीक पद्धतीने थरथरली की कान सापडला. ही चाचणी १९५२ पासून माहीत आहे आणि तिला मशीन लागत नाही, एक पलंग लागतो. तरीही आपल्याकडे आधी मानेचा एक्सरे निघतो. पन्नाशीनंतर एक्सरे काढा, बहुतेकांच्या मणक्याची झीज दिसतेच.

जाल तेव्हा एवढंच विचारा: "मला झोपवून तपासता का?"

काय_बे | ३ डिसेंबर, सकाळी ८.३०

सकाळपासून धागा वाचलालो बे, वाचूनच गरगरलालंय.

माग_चालू | ३ डिसेंबर, दुपारी १.१०

कानसेनताईंचं बरोबर असेल, पण बीटाहिस्टीनला एकदम मोडीत काढू नका. माझं वेगळं आहे. वय ६१, तीस वर्षं पॉवरलूमवर काढली. माझी चक्कर सेकंदाची नाही, तीन-तीन तास चालते. आधी डावा कान गच्च होतो, मग कानात माग सुरू होतो. खट्याक खट्याक नाही, तो लांबून येणारा एकसुरी घों आवाज. आमच्या लाइनीतल्या माणसाला तो कळतो. मग उलट्या. त्या कानाने कमीही ऐकू येतं. डॉक्टर म्हणाले मेनिएर, आतल्या कानाचा आजार.

मी दोन वर्षं बीटाहिस्टीन घेतोय आणि झटके महिन्याला चार होते ते आता दोन महिन्यांतून एक. मीठ कमी केलं, लोणचं-पापड बंद. शेंगाचटणी बंद करायला सांगितली तेव्हा मात्र डॉक्टरांना म्हटलं, साहेब, सोलापूर सोडायला सांगताय का?

कानसेन | ३ डिसेंबर, दुपारी ३.४५

माग_चालू काका, तुमचं चालू औषध कुणी बंद करा म्हणत नाही. ती गोळी मुळात मेनिएरसाठीच दिली जाते.

पण एक माहिती सांगते. जर्मनीत मेनिएरच्या २२१ रुग्णांवर नऊ महिने प्रयोग झाला. काहींना कमी डोस, काहींना भरपूर डोस, काहींना नुसती खोटी गोळी. २०१६ मध्ये निकाल आला. झटके तिन्ही गटांत कमी झाले, जवळपास सारखेच. म्हणजे हा आजार मूळचाच चढउताराचा, आणि उतार लागला की श्रेय हातातल्या गोळीला मिळतं. बरं वाटतंय ते खरंच आहे, कशाने वाटतंय ते सांगणं अवघड.

शिवाय अल्सर किंवा दमा असेल तर बीटाहिस्टीन घेण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

माग_चालू | ३ डिसेंबर, दुपारी ४.०२

खोटी गोळी स्वस्त असेल तर तीच द्या मग.

धणे_आवळा | ३ डिसेंबर, सायंकाळी ६.२०

इतक्या इंग्रजी चर्चेत साधा उपाय कुणी सांगितला नाही. रात्री एक चमचा धणे आणि एक चमचा आवळा पावडर पाण्यात भिजवा, सकाळी गाळून खडीसाखर घालून प्या. आठ दिवसांत चक्कर गायब. माझ्या सासूबाईंना अनुभव आहे. साइड इफेक्ट शून्य.

आकाशपाळणा_नको | ३ डिसेंबर, सायंकाळी ६.४१

मीही प्यायलो होतो. पोट साफ झालं. खडा तिथेच होता.

धणे_आवळा | ३ डिसेंबर, सायंकाळी ६.५०

श्रद्धा नसेल तर गुण येत नाही.

कानसेन | ३ डिसेंबर, रात्री ८.१५

प्यायला हरकत नाही, फक्त शुगर असेल तर खडीसाखर टाळा. पण ही खड्यांची चक्कर बऱ्याच जणांची काही दिवसांत-आठवड्यांत आपोआपही जाते. सासूबाईंना आठ दिवसांत बरं वाटलं त्यात नवल नाही, पाण्याशिवाय काही घेतलं नसतं तरी कदाचित वाटलं असतं. आणि हे मी धण्याला म्हणते तेच बीटाहिस्टीनलाही म्हणते, रागावू नका.

पुण्यात_सोलापूरकर | ३ डिसेंबर, रात्री ११.३०

उशिरा लिहितोय, पण हे लिहायलाच हवं. माझे वडील सोलापुरात एकटे असायचे. ७४ वय. चक्कर आली म्हणून कुणीतरी सिनारिझीन लिहून दिली, सात दिवसांची. बरं वाटलं. मग ते दर महिन्याला तीच जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून आणत राहिले. दोन वर्षं! आम्हाला पत्ताच नाही.

दिवाळीला गेलो तर बाबा पाय घासत चालत होते. उजवा हात थरथरत होता. चेहऱ्यावर काही उमटेना, विनोद केला तरी नुसते बघायचे. आम्ही पार्किन्सन्स धरूनच चाललो होतो. न्यूरॉलॉजिस्टने सगळ्या गोळ्या पिशवीतून टेबलावर ओतायला लावल्या आणि ही पट्टी उचलून विचारलं, ही किती दिवस? गोळी थांबवली. बरं व्हायला जवळजवळ सात महिने लागले, पण थरथर गेली. आता परत पार्क चौकात मित्रांबरोबर चहाला जातात.

प्रोक्लोरपेराझीननेही असंच होऊ शकतं, असं त्यांनी बजावलं. या गोळ्या मेंदूला गुंगवून गरगरणं दाबतात. जोराचा झटका असताना दोन-तीन दिवस ठीक. महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदू नव्याने तोल सांभाळायला शिकतच नाही. शाळाबाई, तुमच्या गोळ्यांत यातलं काही नाही, पण वाचणाऱ्यांनी आपापल्या आईवडिलांचा डबा एकदा उघडून बघा.

बाळीवेसवाली | ४ डिसेंबर, सकाळी १०.००

बाप रे. आत्ताच आईला फोन केला. तिच्याकडे सिनारिझीन निघाली. मे महिन्यापासून.

पुण्यात_सोलापूरकर | ४ डिसेंबर, सकाळी १०.०८

घाबरू नका, पण आजच डॉक्टरांना दाखवा.

बाळीवेसवाली | ४ डिसेंबर, दुपारी २.३०

दाखवलं. बंद केली. हात वगैरे ठीक आहेत, देवाची कृपा.

आता मूळ प्रश्नावर, बी१२ बद्दल. आमचं घर पूर्ण शाकाहारी, आणि मला दहा वर्षं शुगरची गोळी, मेटफॉर्मिन. माझी तक्रार गरगरण्याची नव्हती, नुसता तोल जायचा. दिवसा ठीक, पण लाइट गेली की भिंत धरून चालायचे. न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोकांडी. तळपायाला मुंग्या. मीही त्याला चक्करच म्हणत होते. रक्तात बी१२ तपासलं तर १२० च्या आसपास. इंजेक्शनं घेतली, मग गोळ्या. मुंग्या तीन महिन्यांनी कमी झाल्या, तोलही सुधारला.

तेव्हा बी१२ चा उपयोग होतो, पण ते कमी असेल तर. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं ते कमी होऊ शकतं, हे मला दहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ताई, तुमचं तपासलं का, की तसंच सुरू केलं?

शाळाबाई | ४ डिसेंबर, दुपारी ४.१५

तसंच सुरू केलं. काहीच तपासलं नाही. आता लाज वाटतेय, मीच पोरांना सांगते की गणित मांडल्याशिवाय उत्तर लिहू नका.

कडक_भाकरी | ४ डिसेंबर, दुपारी ४.२०

मला एक कळत नाही. मे महिन्यात इथे पारा ४३ ला जातो, रस्त्यावर पापड भाजेल, आणि तरी सोलापूरकरांचं डी कमी? मग नॉर्वेवाले जिवंत कसे?

कानसेन | ४ डिसेंबर, रात्री ९.००

ऊन आहे, पण आपण उन्हात आहोत कुठे? सकाळी अकराला बाहेर पडताना स्कार्फ, गॉगल, हातमोजे. उरलेला दिवस पंख्याखाली. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात डी तयार होत नाही. सावळ्या त्वचेला वेळही जास्त लागतो.

आणि इथे व्हिटॅमिनच्या बाजूने एक भक्कम गोष्ट आहे, ती सांगितली नाही तर मी एकतर्फी ठरेन. कोरियात खड्यांच्या चक्करचे साडेनऊशेवर रुग्ण घेऊन वर्षभर अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला. सगळ्यांना आधी डोकं फिरवून बरं केलं. मग अर्ध्या लोकांचं डी तपासलं आणि ज्यांचं २० च्या खाली होतं त्यांना दिवसातून दोनदा ४०० युनिट डी आणि ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट दिलं. त्या गटात चक्कर पुन्हा येण्याचं प्रमाण साधारण एक चतुर्थांशाने कमी झालं.

नीट वाचा हं. चालू चक्कर गोळीने थांबली असं नाही. एकदा खडे जागेवर बसवल्यावर ते पुन्हा सुटण्याचं प्रमाण कमी झालं, तेही बंद झालं असं नाही. आणि डोस रोजचा, छोटा. कण कॅल्शियमचेच असल्याने हाडांशी त्यांचं नातं असावं असा तर्क आहे.

जिंकोच्या कॅप्सूलबद्दल मला उत्साह नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तिने रक्तस्राव वाढू शकतो, तेव्हा डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नकोच.

होटगीरोड | ५ डिसेंबर, सकाळी ८.४५

६०,००० च्या पुडीवरून आमच्या काकूंचा किस्सा. आठवड्याला एक, आठ आठवडे, असं सांगितलं होतं. काकूंना वाटलं रोज एक. वर दुधातून, अगदी निष्ठेने. दोन महिन्यांनी भूक गेली, उलट्या, बद्धकोष्ठ, आणि गंमत म्हणजे चक्कर! रक्तातलं कॅल्शियम वर चढलेलं. सलाइनवर पाच दिवस काढले. चक्करवरचं औषध घेऊन चक्कर.

काय_बे | ५ डिसेंबर, सकाळी ८.५०

काकूंचा हाडं मात्र भुईकोट किल्ल्यासारखे झाले असतील की ओ.

निवृत्त_पोस्टमन | ५ डिसेंबर, दुपारी १२.१०

आमची चक्कर ह्यात बसत नाही. झोपलेलो ठीक, उठून उभं राहिलं की अंधारी. गेल्या एप्रिलमध्ये नव्या पेठेत रिक्षातून उतरलो आणि सरळ खाली बसलो. सगळे म्हणाले ऊन लागलं. डॉक्टर हुशार निघाले. आधी झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून तीन मिनिटांनी परत. वरचा आकडा १४० चा १०८. बीपीची गोळी आणि प्रोस्टेटची गोळी, दोन्ही मी रात्री एकदम घेत होतो, उन्हाळ्यात पाणीही कमी. एकाची वेळ बदलली, एकाचा डोस उतरवला. एकही नवी गोळी न देता बरा केला! फी देताना वाईट वाटलं नाही असा तो पहिला डॉक्टर.

माग_चालू | ५ डिसेंबर, दुपारी १२.४०

नमस्कार सांगा त्यांना आमचा.

अशोकचौक | ५ डिसेंबर, रात्री १०.०५

हसत खेळत चाललंय, पण एक गंभीर लिहितो. माझ्या मेहुण्याला रात्री जेवताना चक्कर आली, उलट्या झाल्या. आम्ही म्हटलं पित्त. लिंबूपाणी दिलं, झोपवलं. त्याला आधाराशिवाय बसताही येत नव्हतं, एक-एक वस्तू दोन दिसत होत्या, जीभ जड झाली होती. सकाळी नेलं तोवर उशीर झाला होता. लहान मेंदूत रक्ताची गुठळी. आज चालतो, काठी घेऊन.

बोलणं अडखळणं, दोन-दोन दिसणं, चेहरा वाकडा, हातपाय लुळा, उभंच राहता न येणं, किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, यातलं काहीही चक्करसोबत असेल तर धागे वाचत बसू नका. १०८ लावा.

कानसेन | ५ डिसेंबर, रात्री १०.३०

अनुमोदन. त्यात एक भर: एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं तरी त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे.

शाळाबाई | १९ डिसेंबर, रात्री ८.२०

उशीर झाला, सहामाहीचे पेपर होते.

गेले एकदाची. आत शिरताच विचारलं, "मला झोपवून तपासता का?" डॉक्टर हसले, म्हणाले, कुठे वाचून आलात? उजवीकडे मान करून मागे झोपवलं आणि छत फिरलं. मी ओरडलेच. ते मात्र खुश, म्हणे सापडला, उजवा कान. लगेच एप्ली केली. प्रत्येक स्थितीत अर्धा-एक मिनिट थांबवत डोकं डावीकडे, मग पूर्ण कुशीवर, मग उठवून बसवलं. पुन्हा तपासलं तर थोडं शिल्लक होतं, म्हणून परत एकदा. चार दिवसांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा काही नव्हतं.

कबुली द्यायची राहिली. जाण्याआधी आमच्या ह्यांनी व्हिडिओ बघून घरीच प्रयोग केला होता. डाव्या कानाचा. मला भरपूर फिरवलं आणि वर म्हणतात, बघ, काहीतरी हललंय.

बीटाहिस्टीन बंद. पट्टा बंद. जिंको बंद. रक्त तपासलं: बी१२ ३९० आलं, ते नकोच म्हणाले. डी मात्र ९! त्याची पुडी आठवड्याला एक अशी आठ आठवडे, मग रोजचा छोटा डोस आणि तीन महिन्यांनी तपासणी. कॅल्शियमची गोळी नको, दूध-दही-नाचणी खा म्हणाले. आणि हेही सांगितलं, हे परत येऊ शकतं, आलं तर गोळी न घेता इकडे या.

गरगर गेली. पण भरभर वळलं की अजून क्षणभर डचमळल्यासारखं होतं. हे किती दिवस राहतं?

आकाशपाळणा_नको | १९ डिसेंबर, रात्री ८.३५

मला दोन-तीन आठवडे होतं. डोकं हलवायला घाबरू नका, मान आखडून चाललं की ते जास्त रेंगाळतं. माझं २०२२ मध्ये परत आलं होतं, त्याच पलंगावर पाच मिनिटांत गेलं.

धणे_आवळा | १९ डिसेंबर, रात्री ९.००

बरं वाटलं वाचून. डॉक्टरांचं नाव व्यनि करा, सासूबाईंना परत सुरू झालंय.

काय_बे | १९ डिसेंबर, रात्री ९.०२

😂😂

कडक_भाकरी | १९ डिसेंबर, रात्री ९.१०

बाई, संक्रांतीला गड्ड्यात भेटू. पाळण्याचं तिकीट माझ्याकडून.

शाळाबाई | १९ डिसेंबर, रात्री ९.२५

पाळण्यात ह्यांना बसवा. मी खाली उभी राहून भजी खाईन. आणि बरणी अजून वरच आहे, खालच्या फळीवर मुंग्या लागतात.